फाडलेलं खत

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं एक वचन हटकून वाचलं जातं. दुसरा अध्याय, पंधरावं वचन. त्याचा आशय असा: जगावर हुकमत चालवणाऱ्या सत्तांची आणि अधिकारांची हत्यारं देवाने उतरवून घेतली, सगळ्यांदेखत त्यांची धिंड काढली, आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावर त्यांच्यावरचा विजय साजरा केला. वाचणाऱ्याचा आवाज इथे आपोआप चढतो. पेटीवाल्याची बोटं सुरांवर येऊन थांबलेली असतात, ढोलकी मांडीवर घेतलेली असते, आणि वाचन संपलं की जयाचं गाणं उसळणार हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. बाहेर अजून उजाडायचं असतं. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाच्या अंगात इस्त्रीचा सदरा. वर्षभर कुणाकुणापुढे मान खाली घालून वागलेली माणसं त्या एका सकाळी जिंकलेली असतात.

त्या गाण्यात मीही जीव ओतून गाते. पण हे वचन मला उत्तम शुक्रवारी ऐकावंसं वाटतं, दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत, पंखे गरम हवा फिरवत असताना आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक उपदेश चालू असताना. कारण पौलाने विजयाची जागा नेमकी सांगून ठेवली आहे. तो आपल्याला रिकाम्या कबरेपाशी नेत नाही. रक्त अजून वाळलेलं नाही अशा लाकडाकडे बोट दाखवून तो म्हणतो, शत्रू हरले ते इथे. खिळे ठोकलेला माणूस अजून खाली उतरवलेला नाही, आई पायथ्याशी उभी आहे, सैनिक कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकताहेत, आणि पौलाच्या लेखी मिरवणूक निघालीसुद्धा. हे म्हणणं किती धाडसाचं आहे ते गाण्याच्या भरात कळत नाही.

मिरवणुकीचं हे चित्र रोमचं आहे. मोठं युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीला तिथलं सिनेट विजययात्रेचा मान देई. चार घोड्यांच्या रथात तो उभा, अंगावर सोन्याच्या कशिद्याचं जांभळं वस्त्र, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. रथापुढे लुटीचे गाडे, लढाईची चित्रं, जिंकलेल्या मुलखांची नावं लिहिलेले फलक, आणि बेड्या घातलेले कैदी. हरलेला राजा किंवा सरदार जिवंत हाती लागला तर त्याला जपून ठेवत. त्याच्याशिवाय यात्रेला रंग चढत नसे. गॉलच्या टोळ्यांना एकत्र आणून सीझरशी झुंजलेला व्हर्सिंजेटोरिक्स इ.स.पू. ५२ मध्ये शरण आला. सीझरने त्याला सहा वर्षं कैदेत राखला, इ.स.पू. ४६ च्या विजययात्रेत रोमच्या रस्त्यांवरून चालवला आणि मग मारून टाकला.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतसाने यरुशलेमेचं मंदिर जमीनदोस्त केलं. पुढच्या वर्षी त्याची आणि त्याचा बाप वेस्पासियन याची जी यात्रा निघाली, तिचं वर्णन यहुदी इतिहासकार योसेफसने लिहून ठेवलं आहे. मंदिरातला सोन्याचा मेज, सात शाखांचा दीपवृक्ष, शेवटी नियमशास्त्राची गुंडाळी, हे सगळं लोकांच्या डोळ्यांपुढून नेलं. यात्रा कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळापाशी पोचली आणि तिथे थांबली. यहुद्यांच्या बंडाचा एक पुढारी, गियोराचा मुलगा शिमोन, गळ्यात दोर अडकवून बाजूला ओढत नेला होता. तो मेल्याची खबर यायची होती. खबर आली, जयजयकार झाला, आणि मगच देवाला बळी द्यायला सुरुवात झाली. दीपवृक्ष खांद्यावर घेऊन निघालेली ती माणसं तीतसाच्या कमानीच्या आतल्या भिंतीवर आजही कोरलेली दिसतात.

या वर्णनात मी अडते ती त्या थांबण्यापाशी. अख्खं शहर एका माणसाचा जीव कधी जातो याची वाट बघत उभं. पूजेचं साहित्य तयार, बैल सजवलेले, पुरोहित सज्ज, आणि सगळ्यांचे कान एका कोठडीकडे. विजय पुरा व्हायला हरलेल्याचं मरण लागतं, आणि ते मरण लोकांना कळावं लागतं.

परंपरेनुसार पौलाचं पत्र या यात्रेच्या काही वर्षं आधीचं. पण अशा यात्रांची चित्रं रोमच्या राज्यात गावोगाव पोचलेली होती. कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातलं, लायकस नदीच्या खोऱ्यातलं, लोकरीसाठी नावाजलेलं गाव. आता तिथे होनाझजवळ एक टेकाड उरलं आहे. तिथून पायी काही दिवसांच्या वाटेवर अफ्रोडिसियस नावाचं शहर होतं, आणि पहिल्या शतकाच्या मध्याला तिथे सम्राटांच्या पूजेसाठी एक भव्य संकुल उभं राहत होतं. त्याचे संगमरवरी शिल्पपट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्खननात बाहेर आले. एका पटावर सम्राट क्लौद्य आहे आणि त्याच्या पायाशी ब्रिटन देश, एका बाईच्या रूपात. ती जमिनीवर पडलेली, वस्त्र खांद्यावरून ओघळलेलं, छाती उघडी पडलेली. क्लौद्याने तिचे केस मुठीत धरून मान मागे खेचली आहे, त्याचा गुडघा तिच्या अंगावर आहे, आणि तिचा एक हात मदतीसाठी वर उठलेला आहे. तिथल्याच दुसऱ्या एका पटावर नीरो आहे, आणि त्याच्या हातांत गळून पडणारी, विवस्त्र आर्मेनिया.

मी या शिल्पांची छायाचित्रं पुष्कळ वेळ बघत बसलेली आहे. कारागिराचा हात फार चांगला होता. बाईच्या वर उठलेल्या हाताचा दंड, मागे ताणलेला गळा, सगळं त्याने मन लावून घडवलं. देश जिंकणं म्हणजे काय, तर असं. बाजारहाटाला आलेली माणसं, कुणाच्या खांद्यावर लोकरीचं गाठोडं, कुणाच्या कडेवर लेकरू, हे बघत पुढे जात असणार. त्यांच्यापैकी कितीतरी जण स्वतःच कधीतरी जिंकले गेलेले, विकले गेलेले, गुलाम म्हणून आणलेले. दैवी विजय म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे काय येत असेल, हे सांगायला पंडित नको.

अशा लोकांना पौल लिहितो. आणि त्याच मिरवणुकीचं चित्र तो उचलतो, पण माणसांच्या जागा बदलतो.

येशूला मारण्याआधी राज्यपालाच्या वाड्यात सैनिकांची तुकडी जमली होती. मार्काच्या शुभवर्तमानात तो प्रसंग आहे. त्यांनी त्याला जांभळं वस्त्र नेसवलं, काट्यांचा मुकुट गुंफून डोक्यावर दाबला, राजा म्हणून मुजरे केले, वेताने डोक्यावर मारलं, तोंडावर थुंकले. मग ते वस्त्र काढून घेऊन त्याला मारायला बाहेर नेलं. जांभळं वस्त्र, डोक्यावर मुकुट, मुजरे, मग रस्त्यावरून चालवणं. ज्यांनी रोममधली यात्रा पाहिली किंवा ऐकली होती त्यांना ही नक्कल ओळखायला वेळ लागला नसेल. शेवटी नागवा करून, शहराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी टांगला. आरोप काय तो डोक्यावरच्या पाटीवर लिहून लावला. म्हणजे धिंड कुणाची निघाली? त्या शुक्रवारी यरुशलेमेत कुणालाही विचारलं असतं तरी उत्तर एकच आलं असतं.

पौल म्हणतो, नीट बघा. तिथे उघडे पडले ते टांगणारे. एका निर्दोष माणसाला ठार करण्यासाठी मंदिराची सत्ता, रोमचा कायदा, जमावाचा आरडाओरडा, राज्यपालाचं हात धुणं, हे सगळं एकत्र आलं, आणि एकत्र आल्यामुळेच त्यांचं खरं रूप दिसलं. एरवी या सत्ता शिस्तीच्या, न्यायाच्या, देवाच्या नावाने वावरतात. गुलगुथ्याच्या टेकडीवर त्यांचे ते कपडे उतरले. त्यांनी त्या माणसावर आपल्याकडचं सगळं चालवून पाहिलं: अपमान, वेदना, एकटेपणा, शेवटी मरण. त्याने शाप दिला नाही. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. सत्तेला माणसाकडून जे हवं असतं, भीती किंवा द्वेष, त्यातलं काहीच त्याच्याकडून मिळालं नाही. तेव्हा तिच्या हातात उरलं काय?

हत्यारं उतरवून घेतली म्हणजे कुठली, याचं उत्तर एक वचन आधी, चौदाव्यात आहे. सत्तांच्या हातात तलवार असल्याचं पौल तिथे म्हणतच नाही. त्यांच्या हातात कागद आहे, आपल्या नावावरचं, आपल्याविरुद्धचं, कलमांनी भरलेलं लेखी देणं. ते देवाने पुसून टाकलं, मधून उचललं आणि वधस्तंभाला खिळलं. त्यानंतर लगेच पंधरावं वचन येतं. आम्ही ईस्टरला पंधराव्यापासून वाचायला घेतो आणि चौदावं मागे राहतं. माझ्या मते विजयाचं सगळं मर्म त्या मागे राहिलेल्या वचनात आहे.

असं लेखी देणं म्हणजे खत, कर्जाचा रोखा. ते काय असतं हे दख्खनच्या माणसाला शिकवावं लागत नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी चालू असताना तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला भाव चढले, आणि सावकारांनी शेतकऱ्याच्या हाती सढळ पैसा ठेवला. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा वाढवून लागला, आणि उसनवारीचे दरवाजे बंद झाले. त्यातच १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचं आयुष्य तीन वर्षांचं करून ठेवलेलं. कायदा केला शेतकऱ्याचं ओझं वाढू नये म्हणून. झालं असं की दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल धरून नवं खत लिहून घ्यायचं. वाचता न येणारा कुणबी खाली नांगराची निशाणी करायचा. त्या कागदात काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत आणि देवाला.

१२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, लोक उठले. तिथून हे लोण नगरकडे पसरलं. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटवली. पण जमावाची पहिली मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: खतं आणि वह्या बाहेर काढा. ज्याने कागद मुकाट्याने हवाली केले त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. चौकात कागदांची होळी झाली आणि माणसं घरी गेली. शेकडोंना अटक झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, आणि न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासायची मुभा मिळाली.

सुप्याच्या त्या लोकांना हातघाईच्या क्षणीही एक गोष्ट बरोबर उमगली होती. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू सावकाराच्या अंगात नाही, त्याच्या पेटीत आहे. सावकार गाढ झोपला तरी खत जागं असतं. तो मेला तरी त्याच्या मुलाच्या हातात ते तितकंच जिवंत. ऋणकोच्या नातवालाही ते ओळखतं. सावकाराला ठार करून काय मिळालं असतं? कागद तसाच राहिला असता.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक असं खत आहे. माझ्या पणजोबांचं. मुद्रांकाचा जाड कागद, वर मोडीतल्या पळत्या ओळी, शाई तपकिरी झालेली, आणि खाली कोपऱ्यात निशाणी: एक लांब रेघ, तिला आडवी छोटी, टोकाला फाळ. हात थरथरलेला असावा. फाळ वाकडा आलाय. वरच्या कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत कागद उभा फाडलेला आहे. देणं फिटलं की धनकोने खत असं फाडून परत द्यायचं, ही रीत. आजी शास्त्राच्या पुस्तकाबरोबर ते ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं. कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय तिला वाचून दाखवला की सत्ता, अधिकार, लेख हे शब्द ती हाताने बाजूला सारायची आणि म्हणायची, "देवानं खत फाडलं म्हण की सरळ." मग पदर डोळ्यांना लावायची. त्या कागदापायी तिच्या सासऱ्याने किती वर्षं दुसऱ्याच्या वावरात राबून काढली हे तिला ठाऊक होतं. मी या वचनावर वाचलेल्या भाष्यांपैकी एकही तिच्या त्या वाक्याच्या पुढे गेलेलं नाही.

आणि खतं पैशांचीच नसतात. नगर जिल्ह्यात जी माणसं पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती आहेत त्यांतली बहुतेक महार-मांग समाजातली. त्यांच्या नावावर जन्मतःच बाकी निघालेली असायची. गावची पडेल ती कामं, सांगावा पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, वेशीबाहेर राहणं. आणि हे सारं वतन म्हणून, मान म्हणून. कुणी लिहून दिलं होतं? कुणीच नाही. पण वसुली रोज चालायची. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध किती लढा दिला ते सर्वांना माहीत आहे, आणि १९५८च्या कायद्याने ते कागदोपत्री संपलं. त्यांचं नाव मी या वचनाच्या संदर्भात मुद्दाम घेते आहे. सत्ता आणि अधिकार हे शब्द आकाशातल्या कुठल्या भुतांपुरते ठेवले की सोय होते, पण पौलाने ते तसे ठेवलेले नाहीत. जी व्यवस्था माणसाच्या जन्मावरच देणं लिहून ठेवते तिला सत्ता म्हणायचं नाही तर कशाला?

शास्त्रात सैतानाला आरोप करणारा म्हटलं आहे. मला ही त्याची सगळ्यात खरी ओळख वाटते. तो रात्री येतो आणि वही उघडतो. तू अमक्या घरचा. तू अमुक केलंस. तुझ्या आईच्या आजारपणात तू गावी गेला नाहीस. तुझी लायकी ती किती. यातलं काही खोटं असतं, बरंचसं खरंही असतं, आणि खरं असतं म्हणूनच ते हत्यार चालतं. देवाने त्या वहीतल्या नोंदी खोट्या ठरवल्या असं पौल कुठेही म्हणत नाही. तो म्हणतो, देणं होतं, आणि ते खिळून टाकलं. येशूच्या डोक्यावर आरोपाची पाटी लावली होती ना? त्याच लाकडाला आणखी एक कागद लागला, तुमचा-माझा. आता वसुलीला यायचं तर यावं, पण दाखवायला काय आणणार?

ख्रिस्ती सत्तांनी हे वचन उलटं फिरवून पुन्हा रोमच्या हवाली केलं, आणि त्याबद्दल मला मनापासून चीड येते. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाईन मिल्वियन पुलापाशी ख्रिस्ताचं चिन्ह घेऊन लढला, असं त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांनी अभिमानाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो रोममध्ये शिरला तेव्हा हरलेल्या मॅक्सेंशियसचं डोकं भाल्यावर टोचून मिरवलं होतं. जुनीच यात्रा, निशाण तेवढं बदललं. १०९९च्या जुलैत क्रूस अंगावर शिवलेली फौज यरुशलेमेत घुसली आणि तिथल्या मुसलमानांची, यहुद्यांची कत्तल झाली. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. डेलॉन नावाचा फ्रेंच वैद्य त्या न्यायालयाच्या १६७६च्या मिरवणुकीत स्वतः आरोपी म्हणून चालला. जुन्या गोव्याच्या रस्त्यांवरून अनवाणी माणसं, हातात मेणबत्त्या. त्याने लिहिलं आहे की रांगेच्या मध्यात एक मोठा क्रूस नेत होते. ज्यांना जीवदान मिळालं होतं ते पुढे, आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताचं तोंड त्यांच्याकडे. ज्यांना जाळायचं होतं ते मागे. त्यांच्याकडे त्याची पाठ.

पाठ फिरवलेला ख्रिस्त! वधस्तंभावर शेजारच्या चोराकडे मान वळवून बोललेल्या माणसाची पाठ मारल्या जाणाऱ्यांकडे करून त्याला मिरवला. कलस्सैकरांस पत्राशी यापेक्षा मोठी बेइमानी मला सुचत नाही.

कुणी म्हणेल, मग शत्रूच नाहीत असं समजायचं का? तसं म्हणणारा माणूस बहुतेक सुखवस्तू असतो. आमच्या मंडळीत ज्या बाईची जमीन दिराने हडपली, ज्या पोराला त्याच्या आडनावामुळे खोली मिळाली नाही, त्यांना शत्रू आहेत. ईस्टरच्या पहाटे त्यांचा आवाज चढतो तो उगाच चढत नाही. स्तोत्रांतल्या माणसानेही आपल्या वैऱ्यांची नावं देवापुढे घेऊन दात-ओठ खाल्ले आहेत आणि ते शास्त्रातून कुणी गाळलेलं नाही. त्या बाईला मी गप्प राहा, क्षमा कर आणि विसर, असं सांगणार नाही. हे वचनही तसं सांगत नाही. त्यात उघडं पाडणं आहे, चारचौघांत, झाकलेलं काहीही न ठेवता. फक्त ज्याची धिंड निघते तो दीर नसतो. ज्या बळावर तो मुजोर झाला, ते तलाठ्याकडचे कागद, ती भावकीची मूक संमती, बाईमाणसाला काय कळतं ही समजूत, त्यांचं वस्त्रहरण तिथे होतं. पौल दुसऱ्या एका पत्रात स्पष्टच लिहितो की आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. दिराला त्यातून सुटका हवी असेल तर त्यालाही ती मिळू शकते, इतका हा विजय मोठा आहे. सीझरच्या विजयात व्हर्सिंजेटोरिक्सला जागा नव्हती.

सुप्यापासून केडगाव फार लांब नाही. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशन उभारलं, १८९६च्या आणि १९००च्या दुष्काळांत उपाशी, टाकलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना गोळा करून आणलं. संस्कृत कोळून प्यालेल्या या बाईने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत अख्ख्या शास्त्राचं भाषांतर खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत केलं, आणि ते मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ला बाहेर आला. दुष्काळात आईबापांच्या देण्यापायी वाऱ्यावर सुटलेल्या मुलींनी पुढे मोठं होऊन कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे खिळे जुळवले, एकेक अक्षर उलटं लावत. चौदावं वचन, मग पंधरावं. हे पत्र साध्या मराठीत त्यांच्या हातांतून आलं याचा मला फार अभिमान वाटतो.

पौल हे लिहीत होता तेव्हा स्वतः बेड्यांत होता. पत्राच्या शेवटी तो लेखनिकाच्या हातून लेखणी घेतो, दोन ओळी दस्तुरखुद्द लिहितो, आणि त्यांत माझ्या बंधनांची आठवण ठेवा म्हणतो. सत्तांची हत्यारं गळली असं लिहिणाऱ्याच्या मनगटात लोखंड होतं. हा विरोधाभास त्याने लपवला नाही, समजावूनही सांगितला नाही.

ते पत्र घेऊन तुखिक निघाला आणि त्याच्यासोबत अनेसिम. अनेसिम गुलाम होता, फिलेमोनाच्या घरचा, आणि त्याच फिलेमोनाच्या घरी मंडळी जमत असे. मालकाचं काहीतरी नुकसान करून तो दूर गेला असावा. पौलाने फिलेमोनाला एक वेगळं छोटं पत्र दिलं, आणि त्यात पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिलं की याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन. दमडी जवळ नसलेला कैदी रोखा लिहून देतो. देवाने खत फाडलं हे ज्याला पटलं, तो दुसऱ्याच्या खतावर आपलं नाव घालतो.

याच कलस्सैकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायात, गुलामांनी मालकांच्या आज्ञेत राहावं असंही लिहिलं आहे. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी ते वचन आपल्या गुलामांना शतकभर ऐकवलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती त्या मळेवाल्यांना नव्हे, गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकनांना. ते वचन मला खुपतं, आणि ते खुपत राहावं असंच वाटतं. पण पत्र पोचलं त्या दिवशी ते नुसतं वाचलं गेलं नाही. ते आणणारा गुलाम तिथे उभा होता. फिलेमोनापाशी त्याला धरून ठेवायला सगळं काही होतं: मालकी, नुकसानीचा हिशेब, पाठीशी रोमचा कायदा. आता त्याच्या हातात पौलाचा रोखाही आला होता. त्याने अनेसिमला यापुढे गुलाम न समजता भाऊ म्हणून जवळ घ्यावं, अशी पौलाची मागणी होती. त्या घरात त्या दिवशी फिलेमोन काय करतो यावर पंधराव्या वचनाची परीक्षा होती, आणि पौलाने त्याच चिठ्ठीच्या शेवटी त्याला कळवून ठेवलं होतं की माझ्यासाठी राहायची एक खोली तयार ठेव, माझं येणं होईल अशी आशा आहे.